वर्ड-एक्सेलच्या फाइलींवर पुन्हा पुन्हा येणारा कॉन्फ्लिक्ट: मूळ कुठे असते आणि बंदोबस्त कसा करायचा

इंदुरात सियागंजच्या किराणा व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर करणारे पाच-सात जणांचे ऑफिस डोळ्यांसमोर आणा. कोड सबव्हर्जनमध्ये आहे, म्हणजे फाइलींच्या सगळ्या आवृत्त्या सर्व्हरवर जपणाऱ्या प्रणालीत; रोजच्या कामाला तिचे विंडोजवरचे राइट-क्लिकचे साधन, टॉर्टॉइज एसव्हीएन. त्याच रिपॉझिटरीत (सर्व्हरवरच्या सामाईक साठ्यात) कोटेशनच्या वर्ड फाइली, दरपत्रकाचे एक्सेल आणि गिऱ्हाइकाला द्यायचे हिंदी मॅन्युअलही ठेवलेले. कोडवर तिघे एकाच वेळी काम करतात, काही अडत नाही. दरपत्रक मात्र दोघांनी एकाच दुपारी उघडले की संध्याकाळी एकाचे कमिट (बदल सर्व्हरवर पाठवणे) ‘आउट ऑफ डेट’ म्हणून परत येते, अपडेट केले (सर्व्हरवरचे ताजे बदल आणले) की फाइलीवर कॉन्फ्लिक्टचा, म्हणजे न जुळणाऱ्या बदलांचा, पिवळा त्रिकोण बसतो, आणि सोडवासोडवीत कुणाचे तरी दिवसभराचे काम पुसले जाते. मग एका वेळी एकालाच फाइल बदलू देणारा लॉक लावायचे ठरते. थोडे दिवस सुरळीत जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अशा वेळी खापर सहसा माणसांच्या बेशिस्तीवर फुटते. बहुतेकदा दोष तिथे नसतो. लॉकचा नियम एकाच कॉम्प्युटरवर लिहिलेला असतो, किंवा तो फक्त नव्या फाइलींना लागू असतो. जुनी फाइल कुणी उघडली किंवा ऑफिसात नवा लॅपटॉप आला की त्या फटीतून कॉन्फ्लिक्ट परत आत शिरतो. नियम रिपॉझिटरीत राहायला हवा, कॉम्प्युटरवर नाही. पुढचे सगळे उपाय याच एका गोष्टीभोवती आहेत. मेनू, कमांड आणि फाइलींची शेपटे (एक्स्टेन्शन) इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांतच करायची.

कोड जुळतो, वर्ड का जुळत नाही

सबव्हर्जन काय आणि गिट ही त्याच कामाची दुसरी प्रणाली काय, दोन्ही तुलना करतात ती ओळींची. एकाने ४०वी ओळ बदलली आणि दुसऱ्याने ३१०वी, तर दोन्ही बदल आपोआप एकत्र बसतात. वर्डच्या फाइलीत अशा ओळीच नसतात. ऑफिस २००७ पासूनची डॉक्सएक्स किंवा एक्सएलएसएक्स फाइल ही प्रत्यक्षात एक झिप असते. खात्री करायची असेल तर एखाद्या कोटेशनची प्रत डेस्कटॉपवर घ्या, नावाच्या शेवटचे डॉक्सएक्स काढून झिप लिहा आणि उघडा. आत ‘वर्ड’ नावाचे फोल्डर, त्यात ‘डॉक्युमेंट’ नावाची एक्सएमएल फाइल. सगळा मजकूर तिथे. हे सारे दाबून भरलेले असते, त्यामुळे आत एक शब्द बदलला तरी बाहेरचे बाइट तिथून पुढे भलतेच होतात. अशा दोन फाइली ओळीओळीने जोडायला गेले तर हातात येईल ती उघडणारच नाही अशी फाइल. म्हणून दोन्ही प्रणाली बायनरी, म्हणजे ओळींचा साधा मजकूर नसलेली, फाइल जोडायला नकार देतात, आणि ते योग्यच आहे.

‘मी तर काहीच बदलले नाही, नुसती उघडून पाहिली’ असे कुणी म्हणाले तर त्यांच्यावर विश्वास ठेवा. वर्ड प्रत्येक सेव्हच्या सत्राला एक यादृच्छिक आकडा देतो आणि तो फाइलीत नोंदवतो. वरच्या एक्सएमएलमध्ये आरएसआयडी अशा अक्षरांनी सुरू होणारे गुणधर्म दिसतात ते हेच. शिवाय शेवटी सेव्ह कुणी आणि कधी केली हेही फाइलीत लिहिले जाते. सवयीने कंट्रोल-एस दाबले की मजकूर तोच, पण फाइल वेगळी. हे आकडे ट्रस्ट सेंटरच्या प्रायव्हसी ऑप्शन्समधून बंद करता येतात (‘स्टोअर रँडम नंबर्स टु इम्प्रूव्ह कंबाइन ॲक्युरसी’). तसे करू नये असेच आम्ही सांगू. ते बंद केले तरी सेव्हची वेळ बदलायची ती बदलतेच, आणि दोन प्रती वर्डमध्ये एकत्र करायची पाळी आली की नेमके हेच आकडे उपयोगी पडतात.

थोडक्यात, कोडला मर्ज (बदलांची आपोआप जोडणी) आणि ऑफिसच्या फाइलींना लॉक. लॉकची सोय सबव्हर्जनमध्ये १.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २००५ पासून आहे, पण ती आपोआप लागू होत नाही. प्रत्येक फाइलीवर ‘एसव्हीएन:नीड्स-लॉक’ हा गुणधर्म लावावा लागतो. तो लावला की फाइल सगळ्यांकडे रीड-ओन्ली होते, आणि ज्याने लॉक घेतला त्याच्याकडेच लिहिती होते.

लॉक ठरवूनही कॉन्फ्लिक्ट कुठून येतो

पहिली तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. ज्या फाइलीवर कॉन्फ्लिक्ट येतो तिच्यावर राइट-क्लिक, टॉर्टॉइज एसव्हीएन, प्रॉपर्टीज. यादीत नीड्स-लॉक दिसतो का? बहुतेक वेळा दिसत नाही, आणि तिथेच शोध संपतो.

न दिसण्याची दोन कारणे. एक म्हणजे कुणीतरी आपल्या कॉम्प्युटरवरच्या सबव्हर्जनच्या कॉन्फिग फाइलीत ऑटो-प्रॉप्सची, म्हणजे गुणधर्म आपोआप लावणारी, ओळ लिहिली आणि सगळ्यांसाठी काम झाले असे धरले. ती फाइल विंडोजच्या ॲपडेटा फोल्डरात असते आणि त्या एका माणसालाच लागू होते. अकाउंटवाल्या ताईंनी आपल्या मशीनवरून नवी एक्सेल टाकली की ती लॉकशिवायच आत जाते. दुसरे कारण जास्त फसवे: ऑटो-प्रॉप्स, कुठेही लिहिलेले असोत, फक्त फाइल पहिल्यांदा ‘ॲड’ करताना लागतात. आधीपासून रिपॉझिटरीत असलेल्या फाइलींना ते हातही लावत नाहीत. आणि दर आठवड्याला भांडण होते ते जुन्याच दरपत्रकावर.

गुणधर्म दिसतो, तरी कॉन्फ्लिक्ट येतो? मग फाइल रीड-ओन्ली असताना लोक काय करतात ते पाहा. वर्ड ‘रीड-ओन्ली’ म्हणाला की बरेच जण ‘सेव्ह ॲज’ करून शेजारी ‘दरपत्रक नवे फायनल’ ठेवतात. काही जण विंडोजच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन रीड-ओन्लीची खूण काढतात. ही दुसरी सवय घातक, कारण नीड्स-लॉक हे कुलूप नाही, सूचना आहे. त्या क्षणी दुसऱ्या कुणाकडे लॉक नसेल आणि फाइल ताजी असेल, तर लॉक न घेता केलेले कमिटही सर्व्हर स्वीकारतो. हे सक्तीने थांबवायचे तर सर्व्हरवर प्री-कमिट हूक (कमिट स्वीकारण्याआधी चालणारी छोटी स्क्रिप्ट) लिहावा लागतो. बदललेल्या प्रत्येक ऑफिस फाइलीसाठी ‘एसव्हीएनलुक लॉक’ चालवायचे आणि लॉक कमिट करणाऱ्याच्या नावावर नसेल तर कमिट नाकारायचे. नव्याने ॲड झालेल्या फाइली यातून वगळा, त्यांच्यावर लॉक असूच शकत नाही.

तिसरी फट क्रमाची. वर्डमध्ये फाइल आधी उघडली आणि मग लॉक घेतला, तर वर्डच्या लेखी ती रीड-ओन्लीच राहते, आणि माणूस वैतागून सेव्ह ॲजकडे वळतो. क्रम कायम एकच: अपडेट, गेट लॉक, मग उघडणे. अपडेट आधी यासाठी की तुमच्याकडची प्रत जुनी असेल तर सर्व्हर लॉक देतच नाही. आणि अपडेट करताना वर्ड बंद हवा, नाहीतर उघडी फाइल बदलता येत नाही म्हणून अपडेट मध्येच अडते. एक्सप्लोररची प्रिव्ह्यू पेनसुद्धा फाइल धरून ठेवते. कारण सापडत नसेल तर ती बंद करून पाहा.

नीट बसवण्याची रीत

हे एकाच बैठकीत करा, आणि त्याआधी सगळ्यांना हातातले बदल कमिट करून वर्ड-एक्सेल बंद करायला सांगा.

१. रिपॉझिटरीच्या सर्वांत वरच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि ‘एसव्हीएन:ऑटो-प्रॉप्स’ हा गुणधर्म जोडा. त्यात प्रत्येक प्रकाराला एक ओळ: ‘*.डॉक्सएक्स = एसव्हीएन:नीड्स-लॉक=*’. अशीच एक्सएलएसएक्स, पीपीटीएक्स, जुनी डॉक आणि एक्सएलएस, कोरलड्रॉची सीडीआर, फोटोशॉपची पीएसडी यांची. कोडच्या शेपटांना ही ओळ चुकूनही नको. फोल्डरवरचा हा गुणधर्म सबव्हर्जन १.८ पासून, म्हणजे २०१३ पासून चालतो आणि खालच्या सगळ्या फोल्डरांना लागू होतो. कुणाकडे त्याहून जुने टॉर्टॉइज असेल तर आधी ते बदला. जुना क्लायंट या ओळी वाचतच नाही आणि तक्रारही करत नाही.

२. त्याच फोल्डरवर ‘एसव्हीएन:ग्लोबल-इग्नोर्स’ जोडा आणि त्यात ‘~$*’ लिहा. वर्डची फाइल उघडी असते तेव्हा शेजारी नावाची पहिली दोन अक्षरे खाऊन ~$ ने सुरू होणारी एक लपलेली छोटी फाइल तयार होते. उघडणाऱ्याचे नाव तिच्यात असते. ‘सिलेक्ट ऑल’ करून कमिट केले की ती रिपॉझिटरीत जाते, अपडेटबरोबर सगळ्यांकडे पोचते, आणि वर्ड भलत्याच माणसाचे नाव सांगून फाइल अडवतो. टॉर्टॉइजच्या मूळ इग्नोर यादीत ‘*~’ आहे, पण ते शेवटी ~ असलेल्या नावांसाठी. सुरुवातीच्या ~$ ला ते लागत नाही. आधीच आत गेलेल्या अशा फाइली वेगळ्या डिलीट करून कमिट कराव्या लागतात, इग्नोर त्यांना काढत नाही.

३. आता जुन्या फाइली. प्रत्येक फोल्डर एक्सप्लोररमध्ये ‘टाइप’नुसार लावा, वर्ड-एक्सेलच्या सगळ्या फाइली एकदम निवडा, प्रॉपर्टीज, न्यू, नीड्स-लॉक. पूर्ण फोल्डरवर ‘रिकर्सिव्ह’ लावण्याचा मोह टाळा. कोडच्याही फाइली रीड-ओन्ली होतील आणि संध्याकाळपर्यंत कुणाचेच काम पुढे सरकणार नाही.

४. कमिट. गुणधर्म हाही बदलच, तो कमिट केल्याशिवाय इतरांना मिळत नाही. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर अपडेट करून पाहा, फाइली रीड-ओन्ली झाल्या पाहिजेत. नवी चाचणी फाइल ॲड करून तिच्यावर गुणधर्म आपोआप येतो का तेही त्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघा. ज्याने हे बसवले त्याच्या मशीनवर केलेली चाचणी काही सिद्ध करत नाही.

लॉक अडकून पडला तर

सबव्हर्जनच्या लॉकला मुदत नसते. रंगपंचमीच्या आदल्या दिवशी कुणी लॉक घेतला आणि गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला गेला तर तो परत येईपर्यंत लॉक तसाच. लॉक कुणाचा आहे ते रेपो-ब्राउझरच्या ‘लॉक’ या रकान्यात दिसते, किंवा ‘चेक फॉर मॉडिफिकेशन्स’मध्ये ‘चेक रिपॉझिटरी’ दाबल्यावर. तिथूनच ‘ब्रेक लॉक’ करता येतो. आधी फोन करा, मग तोडा. तोडल्यावर त्या माणसाचे अर्धवट बदल त्याच्या मशीनवर शिल्लक असतात आणि पुढचा कॉन्फ्लिक्ट तिथेच जन्म घेतो. लॉक घेताना संदेशाची चौकट येते ती रिकामी सोडू नका. ‘मसाल्याचे दर, ४ पर्यंत सोडते’ एवढे लिहिले तरी निम्मे फोन वाचतात.

लॉक माझ्याच नावावर आहे आणि तरी फाइल रीड-ओन्ली, ही तक्रार घरून काम करणाऱ्यांची. लॉक माणसाबरोबरच त्या वर्किंग कॉपीलाही (त्या मशीनवर उतरवलेल्या प्रतीलाही) बांधलेला असतो. सुदामा नगरच्या घरी लॅपटॉपवर घेतलेला लॉक ऑफिसच्या पीसीवर चालत नाही. पीसीवर गेट लॉक करताना ‘स्टील द लॉक्स’ची खूण करा, पण लॅपटॉपवर न कमिट केलेले काही नाही याची खात्री करूनच.

कमिट केले की लॉक आपोआप सुटतो, अगदी त्या कमिटमध्ये आलेल्या पण न बदललेल्या फाइलींचाही. दुपारी मधेच एक कमिट करून पुढे काम चालू ठेवायचे असेल तर कमिटच्या खिडकीत ‘कीप लॉक्स’ला खूण हवी. ही खूण करायची राहिली की दुपारनंतरचे काम लॉकशिवाय सुरू होते. बाकी सगळे बरोबर बसवलेल्या ऑफिसातही कॉन्फ्लिक्ट येतो तो इथून.

कॉन्फ्लिक्ट आलेलाच असेल तर दोघांचे काम कसे वाचवायचे

घाई करू नका आणि ‘रिझॉल्व्ह’चे कुठलेही बटण दाबू नका. फोल्डरात पाहा: तुमची फाइल जशीच्या तशी आहे आणि शेजारी दोन नव्या आहेत, समजा नावाच्या शेवटी .आर११८ आणि .आर१२१ असलेल्या. लहान आकड्याची म्हणजे तुम्ही जिच्यावर काम सुरू केले ती मूळ प्रत. मोठ्या आकड्याची म्हणजे सहकाऱ्याने मधल्या काळात कमिट केलेली.

तुमची फाइल आणि लहान आकड्याची फाइल, दोन्ही डेस्कटॉपवर कॉपी करा. लहान आकड्याच्या प्रतीचे शेपूट बदलून पुन्हा डॉक्सएक्स करा. मग वर्किंग कॉपीतल्या फाइलीवर ‘रिव्हर्ट’. अपडेट आधीच झालेले असल्याने रिव्हर्टनंतर हातात येते ती १२१वी, सहकाऱ्याची ताजी आवृत्ती. शेजारच्या दोन्ही जादा फाइली निघून जातात, म्हणूनच कॉपी आधी. आता लॉक घ्या.

वर्डमध्ये रिव्ह्यू टॅब, कंपेअर. ‘ओरिजिनल’च्या जागी ११८, ‘रिव्हाइज्ड’च्या जागी तुमची प्रत. समोर येतील ते फक्त तुमचे बदल. ते ताज्या फाइलीत हाताने उतरवा, सेव्ह, कमिट. बहुतेक जण ११८ सोडून ताजी फाइल आणि आपली फाइल यांची तुलना करतात. मग सहकाऱ्याने घातलेले नवे परिच्छेद तुम्ही ‘खोडलेले’ म्हणून दिसतात, आणि ‘ॲक्सेप्ट ऑल’ दाबले की ते खरोखरच जातात. दिवसभराचे काम पुसले जाते ते नेमके या जागी. एक्सेलसाठी ऑफिसच्या प्रोफेशनल प्लससारख्या आवृत्त्यांबरोबर ‘स्प्रेडशीट कंपेअर’ हे वेगळे साधन येते, त्यातही जोडी हीच: मूळ आणि आपली.

रोजच्या पाहणीसाठी एवढे करावे लागत नाही. टॉर्टॉइजबरोबर वर्ड-एक्सेलच्या तुलनेच्या स्क्रिप्ट येतातच. कमिटच्या खिडकीत डॉक्सएक्सवर डबल-क्लिक केले की वर्ड स्वतःच फरक दाखवतो.

दरपत्रक एक्सेलमध्ये हवेच का

आमच्या मते नको. जे कोष्टक सॉफ्टवेअर वाचते ते सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या टेक्स्ट फाइलीत, ठेवावे. एका मालाची एक ओळ असते, त्यामुळे एकाने तुरीचा दर बदलला आणि दुसऱ्याने जिऱ्याचा, तर ते कोडसारखे आपोआप जुळते. लॉकची गरजच उरत नाही. छापायचे देखणे एक्सेल वेगळे, लॉकसह. दोन गोष्टी मात्र सांभाळायला हव्यात.

सेव्ह करताना यादीतून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा. नुसते ‘सीएसव्ही’ घेतले तर सामान्य विंडोजवर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे लिहिली जातात आणि ती परत अक्षरे होत नाहीत. तसे घडले तर आधीची आवृत्ती काढणे हाच मार्ग, आणि त्यासाठीच तर रिपॉझिटरी आहे.

दुसरी गोष्ट एचएसएनची, म्हणजे जीएसटीच्या बिलावरच्या मालाच्या कोडची. हळद आणि आल्याचा एचएसएन ०९१०, मिरी-मिरचीचा ०९०४, जिरे-धण्याचा ०९०९. सीएसव्हीवर डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की एक्सेल या रकान्याला संख्या समजतो, पुढचे शून्य गळते, ०९१० चे ९१० होते, आणि सेव्ह केले की फाइलीतही तेच. बिलावर तीन आकडी एचएसएन छापला जातो आणि गिऱ्हाइकाचा फोन येतो. एक्सेलमध्ये उघडायचीच असेल तर डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने आणा आणि तो रकाना ‘टेक्स्ट’ करा. कमिट करण्यापूर्वी डिफ (जुन्या-नव्यातला फरक) पाहण्याची सवय इथे फार उपयोगी पडते. एका मालाचा दर बदलला असताना मसाल्याच्या सगळ्या ओळी लाल-हिरव्या दिसल्या तर शून्ये गळली आहेत, तिथेच थांबा.

देवनागरी मजकुराच्या खास अडचणी

फाइल साधी टेक्स्ट आहे, मराठीत लिहिलेली, तरी सबव्हर्जन तिला बायनरी म्हणतो आणि डिफ दाखवत नाही. कारण असे: ॲड करताना तो पहिले १०२४ बाइट तपासतो आणि त्यांत इंग्रजी अक्षरांच्या पट्ट्याबाहेरचे बाइट फार असले तर बायनरी ठरवतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते आणि तिन्ही त्या पट्ट्याबाहेर, त्यामुळे निव्वळ मराठी मजकूर हमखास अडकतो. उपाय: फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये माइम-टाइप (फाइलीचा प्रकार सांगणारा गुणधर्म) ‘टेक्स्ट/प्लेन; चारसेट=यूटीएफ-८’ करा, आणि तशीच ओळ वरच्या ऑटो-प्रॉप्समध्येही घाला, तिथे मात्र अर्धविराम दोनदा (;;) लिहा. गिटची कसोटी वेगळी आहे, तो शून्य बाइट शोधतो. यूटीएफ-८ त्याला चालते, पण जुन्या नोटपॅडमध्ये ‘युनिकोड’ म्हणून सेव्ह केलेली फाइल यूटीएफ-१६ असते, तिला तो बायनरी समजतो. ती यूटीएफ-८ मध्ये पुन्हा सेव्ह करा.

हिंदी मॅन्युअल कृतिदेवमध्ये असेल तर डिफमध्ये रोमन अक्षरांचा काला दिसतो, कारण फाइलीत खरोखर रोमन अक्षरेच असतात, देवनागरी फक्त फॉन्टमुळे दिसते. युनिकोडमध्ये बदलायचे ठरले तर ते एका वेगळ्या कमिटमध्ये करा आणि त्यात दुसरा एकही बदल घेऊ नका. रूपांतरात प्रत्येक ओळ बदलते. त्यात मजकुराची दुरुस्ती मिसळली तर ती पुढे कुणालाच शोधता येणार नाही.

फाइलींची नावे रोमन ठेवलेली बरी, आणि मराठीतच हवी असतील तर ‘दुसऱ्या’, ‘व्यापाऱ्यांची’ असे शब्द टाळा. ऱ हे एक अक्षर म्हणूनही साठवता येते आणि र अधिक नुक्ता असेही. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. विंडोज आणि मॅक दोन्ही वापरणाऱ्या ऑफिसात एकाच नावाच्या दोन फाइली दिसू लागतात, एक ‘मिसिंग’ आणि एक ‘नवी’, ते यामुळेच.

कोड गिटवर गेला असेल तर

गिटमध्ये फाइलीचे मराठी नाव बॅकस्लॅश आणि ३४०, २४४ असल्या आकड्यांची रांग होऊन दिसते. फाइल बिघडलेली नसते. ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स’ एवढे केले की नाव नीट दिसते. एक ओळ बदलली आणि सगळी फाइल लाल झाली, तर ते ओळीच्या शेवटच्या चिन्हांचे भांडण आहे. ही चिन्हे आपोआप बदलणारी ऑटोसीआरएलएफची सेटिंग प्रत्येक मशीनवर वेगळी असते, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नका. ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ फाइलीत ‘* टेक्स्ट=ऑटो’ लिहा, ‘गिट ॲड --रीनॉर्मलाइझ .’ चालवा आणि तेवढेच वेगळे कमिट करा.

ऑफिसच्या फाइलींना गिटमध्ये स्वतःचा लॉक नाही. तो एलएफएस या मोठ्या फाइलींसाठीच्या जोडसाधनाबरोबर मिळतो: ‘गिट एलएफएस ट्रॅक "*.डॉक्सएक्स" --लॉकेबल’, आणि काम सुरू करताना ‘गिट एलएफएस लॉक’. इथली फट म्हणजे ‘गिट एलएफएस इन्स्टॉल’ प्रत्येक मशीनवर एकदा चालवावे लागते. ते चालवायचे राहिले तर त्या मशीनवर डॉक्सएक्सच्या जागी तीन ओळींची छोटी टेक्स्ट फाइल येते आणि वर्ड ‘करप्ट’ म्हणतो. फाइल शाबूत असते. इन्स्टॉल करून ‘गिट एलएफएस पुल’ चालवा. बायनरी फाइलीवर कॉन्फ्लिक्ट आला तर ‘अवर्स’ किंवा ‘थेअर्स’ निवडायचे असते, पण रीबेस (आपले कमिट ताज्या आवृत्तीवर पुन्हा रचणे) चालू असताना या दोघांचे अर्थ उलटे होतात. तेव्हा ‘थेअर्स’ म्हणजे तुमचे बदल.

कोड गिटवर नेला म्हणून कागदपत्रेही न्यावीत असे आम्हाला वाटत नाही. चित्रांनी भरलेले ४ एमबीचे मॅन्युअल ३० वेळा कमिट झाले की जवळपास १२० एमबी इतिहास साचतो, आणि एलएफएस नसेल तर तो गिटमध्ये प्रत्येकाला उतरवावा लागतो. सबव्हर्जनमध्ये तो भार सर्व्हरवरच राहतो. छोट्या ऑफिसने कागदपत्रांसाठी सबव्हर्जन चालू ठेवावे.

‘वर्किंग कॉपी लॉक्ड’ हा दुसराच प्रकार

हा संदेश आला की लोक ब्रेक लॉक शोधू लागतात. त्याचा वरच्या लॉकशी काही संबंध नाही. वीज गेली किंवा अपडेट मध्येच तुटले की वर्किंग कॉपीच्या आतली नोंद अर्धवट राहते; राइट-क्लिक करून ‘क्लीन अप’ केले की बहुतेक वेळा काम होते. तो दर दोन दिवसांनी येत असेल तर वर्किंग कॉपी गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरात तर नाही ना ते पाहा. सबव्हर्जनच्या १.७ पासून या साऱ्या नोंदी एका डेटाबेस फाइलीत असतात. ती लिहिली जात असतानाच सिंक करणारा प्रोग्राम तिच्यात हात घालतो आणि दोघांची ओढाताण होते. वर्किंग कॉपी डी ड्राइव्हवर साध्या फोल्डरात न्या, तिथे नव्याने चेकआउट करा (सर्व्हरवरून प्रत उतरवा), जुन्या जागेतले न कमिट केलेले बदल एकेक तपासून उचला आणि मगच जुने फोल्डर काढा.